रम घालू की ब्रँडी?

करंजाडे, १८ सप्टेंबर

दादा,

शाळेत शिकवलेलं 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहायला बसले तर तू पहिल्या ओळीलाच कागद चुरगाळशील, म्हणून थेट कामाचं विचारते. नाताळच्या केकसाठी मनुका भिजवायच्या आहेत. रम घालू की ब्रँडी?

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. शैलेशलाही केलंस, त्या बिचाऱ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं देव जाणे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून पत्र.

दारू सोडलेल्या माणसाला दारूचं विचारते आहे, हे मला कळतं. पण मी विचारू कुणाला? चौदा वर्षं तू पनवेलच्या परमिट रूममध्ये काउंटरमागे उभा होतास. डोळ्यांवर रुमाल बांधून नुसत्या वासावर बाटली ओळखायचास आणि गिऱ्हाईकांकडून पैजा जिंकायचास. मी पहिला फ्रूट केक केला तेव्हा एक घास खाऊन म्हणाला होतास, "निशा, स्वस्तातली रम घातलीस. नेलपॉलिशचा वास मारतोय." मी दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी रम बदलली. तेव्हापासून माझ्या केकला नाव मिळालं, हे मी कुठेही नाकारत नाही.

खारघरला स्नेहल नावाच्या मुलीचा कॅफे आहे. तिला नाताळला साठ केक हवेत आणि आवडले तर पुढे वर्षभर दर आठवड्याला. मी तिला संत्र्याच्या रसात भिजवलेला नमुना दिला. तिने खाल्ला, छान हसली आणि म्हणाली, "ताई, चांगला आहे, पण शाळेच्या डब्यातला वाटतो." गेल्या वर्षी तिने कुणाकडे तरी माझा रमवाला खाल्ला होता. तसाच हवा म्हणते. आणि माझ्या घरात गेल्या भाऊबीजेपासून दारूचा थेंब आलेला नाही.

आता भाऊबीजेचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा एकदा सांगते. फ्रिजमध्ये दोन डबे होते. एक ऑर्डरचा, रमवाला, दुसरा आपल्यासाठी साधा. घाईत चुकीचा डबा निघाला. ओवाळून झाल्यावर मी तुला माझ्या हाताने घास भरवला, तू दुसरा तुकडा मागून घेतलास, आणि मग आपली मनस्वी तोंडात घास धरून बोलून गेली, "आत्या, यात रम आहे ना?" लेक तुझीच, नाक तुझंच. चार वर्षांची तुळशीची माळ तू गळ्यातून काढलीस, ओवाळणीच्या ताम्हनात ठेवलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "तू मला बाटवलंस." वहिनी आणि मनस्वी चपला हातात घेऊन तुझ्यामागे धावल्या.

माझी चूक झाली, पण ती डब्यांची चूक होती. तेवढ्यासाठी बहीण तोडतात का?

मनुका कमीत कमी दोन महिने भिजायला हव्यात. म्हणजे लगेच कळव.

निशा


करंजाडे, २६ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. बरं. मी स्वतःच गेले दुकानात.

भर दुपारी गेले, ओढणी डोक्यावरून घेऊन, म्हणजे आणखी लक्ष जावं अशी. काउंटरवर सात-आठ बाप्ये. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, पार्टी हाय का?" मी म्हटलं, "केक आहे." तो मागे वळून ओरडला, "मॅडमला केकची रम दाखव!" झालं. रांगेतल्या प्रत्येकाला स्वयंपाक यायला लागला. एक रिक्षावाला म्हणाला, "ब्रँडी घ्या ताई, केक उरला तर सर्दीला चालेल." दुसरा म्हणाला, व्हिस्की घाला, रुबाब येतो. रुबाब केकला येतो की खाणाऱ्याला, ते त्याने सांगितलं नाही. दुकानदाराने एका दिवसाचा परवाना फाडून दिला. त्यावर छापलंय की प्रकृतीसाठी मला मद्याची आवश्यकता आहे. मी तो फ्रिजवर लावला होता, शैलेशने काढून टाकला.

रमची क्वार्टर घेतली, ब्रँडीची घेतली. वळले तर मागे आमच्या बिल्डिंगचे कमळाकर काका. ते माझ्या पिशवीकडे बघतायत, मी त्यांच्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंही पंख्याकडे बघत खाली आलो.

आता दोन्ही बाटल्या ओट्यावर आहेत आणि मी झाकणं उघडून वास घेत बसते. रमला गुळाचा, करपलेल्या काकवीचा वास आहे. मनुका, खजूर, दालचिनी यांच्याशी तिचं पटेल. ब्रँडी फळाची आहे, जर्दाळू घातले तर तिचं जास्त पटेल, पण नंतर घशाशी काहीतरी टोचल्यासारखं राहतं. की ते मला वाटतं? सकाळी रम नक्की करते, दुपारी ब्रँडी. संध्याकाळी वाटतं दोन्ही मोरीत ओताव्यात आणि स्नेहलला सांगावं, बाई, तुला शाळेच्या डब्यातलाच मिळेल. मला हा निर्णय घेता येत नाही. याआधी कधी घ्यावाच लागला नाही, तू घेत होतास.

थांब, कुकर.

आले. काय लिहीत होते? हो, नाक. माझं नाक साधं आहे. चांगलं-वाईट कळतं, पण दोन चांगल्यांमधलं अधिक चांगलं कळत नाही. तू एक ओळ लिही. 'रम' किंवा 'ब्रँडी'. सही करू नकोस हवं तर.

निशा


करंजाडे, ५ ऑक्टोबर

दादा,

काल भावनावहिनीला फोन केला. तू कंटेनर यार्डात ड्यूटीवर असतोस ती वेळ साधून. रागावू नकोस तिच्यावर, बोलणं मीच काढलं.

म्हणाली, पत्रं मिळतात. तू गच्चीवर जाऊन वाचतोस आणि खाली येऊन आंघोळीला जातोस. माझं पत्र वाचून आंघोळ? सुतक आहे का माझं?

मग मी तिला जे विचारायला वर्षभर घाबरत होते ते विचारलं. पितो का? वहिनी म्हणाली, "नाय ओ ताई. पीत नाय. मासळी खात नाय, मटन खात नाय. माळ नाय गळ्यान, पन वागतान सगला माळ घातल्यासारकाच. फकस्त देवळान जात नाय. भजनाला टाळ वाजतान ना, तं भायेर कट्ट्यावर बसून ऐकतान. आत येवा बोललं तर उठून जातान."

मी नंतर किती तरी वेळ ओटाच पुसत राहिले. पीत नाहीस हे ऐकून मला रडू आलं, खरंच सांगते. वर्षभर मला वाटायचं की माझ्या एका घासाने तू पुन्हा त्याच वाटेला गेला असशील. वहिनी मनस्वीला घेऊन माहेरी निघून गेली होती ते दिवस मला आठवतात. तू दिनानाथ बुवांकडून माळ घेतलीस म्हणून ती परत आली. त्या माळेवर तुमचं घर उभं आहे, आणि मी तिच्यात हात घातला.

वहिनी म्हणाली की दिनानाथ बुवा स्वतः घरी आले होते. म्हणाले, "हरेश, नकळत पोटात गेलं त्याचा दोष नाय. कार्तिकी एकादशीला ये, नवी माळ घालतो." आणि तू नाही म्हणालास. बुवा दोनदा आले, दोनदा नाही म्हणालास. कारण सांगत नाहीस. वहिनी म्हणते, माळ नसेल तर कुठल्या दिवशी पाय घसरेल याची तिला रोज भीती वाटते. ड्यूटीवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती गॅलरीत येऊन उभी राहते.

दादा, मग मला खरं सांगायलाच हवं. कदाचित तुला शंका असेल की डब्यांची गोष्ट खोटी आहे, आणि तेच तुला डाचत असेल.

ती खोटी आहे. फ्रिजमध्ये एकच डबा होता.

मी तो तुझ्यासाठीच केला होता. चांगली रम घातली, मनुका दोन महिने भिजवल्या. स्वतःला सांगितलं की ओव्हनमध्ये दारू उडून जाते, मग त्यात राहतं काय, नुसती चव. सगळी उडत नाही हे तूच मला शिकवलं होतंस. आणि केक भाजून झाल्यावर मी वरून तीन दिवस चमच्याने रम पाजली, ती तर कुठल्या ओव्हनमध्ये गेलीच नव्हती. हे मला कळत होतं. तरी केलं.

का केलं? तू माळ घातलीस तेव्हापासून माझं खरं काम कधी चाखलंच नाहीस. मी साधा केक आणायचे, तू म्हणायचास 'छान'. फरसाणालाही तू छान म्हणायचास. लोक इतकं कौतुक करतात, पण ज्याच्यामुळे मी शिकले त्याचं मत मला मिळत नव्हतं. एक घास, दादाला कळणारही नाही, नुसता चेहरा बघू, असं मनात आलं. भाऊबीजेला बहिणीने ओवाळून भरवलेला घास भाऊ नाकारत नाही, हेही मी धरून चालले होते. म्हणजे मी तुला कोपऱ्यात गाठलं.

आता तरी बुवांकडे जा. तू नकळतच खाल्लंस. जाणूनबुजून केलं ते मी. दोष असला तर माझ्या गळ्यात पडू दे.

निशा


करंजाडे, १३ ऑक्टोबर

दादा,

या वेळी माझ्यावर ओरडायला तुला मी स्वतःच कारण दिलं आहे, म्हणून आधी मीच लिहिते.

मी चार बरण्यांत मनुका भिजवल्या. एकीत रम, एकीत ब्रँडी, एकीत संत्र्याची गोड लिक्युअर आणि एकीत गूळ घातलेला काळा चहा. लिक्युअरची चिमुकली बाटली शैलेशच्या साहेबांनी नुकतीच परदेशातून आणलेली. ती उघडली की सगळी खोली संत्र्याची होते, पण इतकी गोड की केकमधली साखर कमी करावी लागेल, आणि साठ केकना पुरवायची म्हटली तर घर गहाण टाकावं लागेल. चहाची बरणी मला मनापासून आवडते. रंग सुरेख, मनुका टपोऱ्या, वासही मऊ. पण आठवड्याभरात वरती फेस धरायला लागला, म्हणून फ्रिजमध्ये ढकलली. दारू नुसती चवीला नसते, फळ टिकवायलाही असते, हे मी विसरले होते.

राहिल्या रम आणि ब्रँडी. मी रोज दोन्ही हलवते, दोन्ही हुंगते, दोन्हींतली एकेक मनुका खाते. शैलेश म्हणतो, "आता एखादी बरणी नवऱ्याला तरी दे." स्नेहलला या महिनाअखेर नमुना द्यायचा आहे. रात्री झोपताना ठरवते आणि सकाळी उठून मोडते.

आणि मग मी मूर्खपणा केला. वहिनी शनिवारी पनवेलच्या बाजारात दिवाळीचं सामान घ्यायला आली होती. तिला भेटायला गेले आणि जाताना जॅमच्या दोन छोट्या बाटल्यांत मनुका भरून नेल्या. एकीवर १, दुसरीवर २. तिला म्हटलं, दादाला नुसता वास घ्यायला सांग, खायला सांगू नकोस, आणि आकडा कळव.

वहिनीने बाटल्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. पणत्यांच्या गाडीसमोर, भर बाजारात ती मला म्हणाली, "ताई, तुमी येड्या हाव काय? माजे घरान तुमी परत ह्या धाडताव?" आणि मग हळू आवाजात, "तुमाला त्याचा नाक पायजे. मला तो माणूस पायजे." ती निघून गेली, पणत्या न घेताच.

मी तिथेच उभी. बाटल्या पिशवीत एकमेकींवर आपटत होत्या. मागच्या पत्रात मी तुझ्या पाया पडले, तुला कोपऱ्यात गाठलं म्हणून लिहिलं, आणि आठ दिवसांत पुन्हा तेच करायला निघाले. या वेळी डबा, ओवाळणी, घाई असलं काही कारणही नव्हतं. मला माझीच भीती वाटली, दादा. मी वाईट नाही, असं मला अजूनही वाटतं. पण मला हवं असलं की मला समोरचा माणूस दिसेनासा होतो.

वहिनीची माफी मागितली. मेसेजवर दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही. घराणं एकूण उत्तर न देणारंच आहे.

निशा


करंजाडे, १९ ऑक्टोबर

दादा,

परवा लक्ष्मीपूजन, गुरुवारी भाऊबीज. घरात करंज्या तळायच्या सोडून मी हे लिहिते आहे, आणि हे पत्र टाकायचं की फाडायचं तेही ठरलेलं नाही.

दोन पत्रं मी माझ्या चुका लिहिल्या. त्या खऱ्याच आहेत, एकही शब्द मागे घेत नाही. पण एक गोष्ट मी वर्षभर गिळून बसले आहे. वहिनीला सांगितली नाही, शैलेशला नाही. ती तुलाच सांगायची आहे.

मी तुझा चेहरा बघायला बसले होते ना? मग मी बघितला.

पहिला घास तोंडात गेला आणि तू चावायचा थांबलास. थोडाच वेळ. पण तुझी नाकपुडी फुगली, डोळे माझ्याकडे वळले, आणि मग तू मान खाली घालून चावायला लागलास. हळूहळू, जसा बारमध्ये नवीन बाटली चाखताना घोट चावल्यासारखा तोंडात फिरवायचास तसा. तू ओळखलंस. डोळ्यांवर रुमाल बांधून बाटली ओळखणारा माणूस, त्याला तीन दिवस पाजलेली रम कळली नाही, हे जगाला सांग, मला नको सांगूस.

तू ओळखलंस आणि ताटली पुढे केलीस. "आणखी एक दे."

मी दिला. मी काय केलं ते ऐक. मला इतका आनंद झाला की मी मोठा तुकडा कापला.

दोघांनाही माहीत होतं, दादा. तेवढा वेळ खोलीत आपल्या दोघांनाच ते ठाऊक होतं, आणि आपण दोघंही गप्प बसलो. मग मनस्वी बोलली. तू माळ काढलीस, मला बाटवणारी म्हणालास, आणि मी लगेच डब्यांची गोष्ट रचली. तुला वाटलं असेल, निशाने स्वतःला वाचवायला रचली. अर्धी स्वतःला. अर्धी तुला. कारण डबे बदलले असतील तर तुलाही काही माहीत नव्हतं.

आता मला कळतं तू बुवांना 'नाही' का म्हणतोस. बुवा म्हणतात, नकळत गेलं त्याचा दोष नाही. आणि तुला माहीत आहे की ते नकळत नव्हतं. कट्ट्यावर बसून भजन ऐकतोस, आत जात नाहीस. खोट्यावर माळ घालायची नाही, इतका तू अजून सरळ आहेस. पण खरं सांगायचं म्हटलं तर वहिनीसमोर, मनस्वीसमोर सांगावं लागेल, आणि तेवढा तू शूर नाहीस. म्हणून मधेच लटकलास.

हे लिहिताना मला तुझी कीव येत नाही, राग येतो. वर्षभर सगळ्या नातेवाइकांत मी भावाला बाटवणारी आहे. काकूने हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ज्या लग्नाला जाते तिथे बायका माझ्या हातच्या डब्याकडे बघतात. मी ते सगळं निमूट घेतलं, कारण अर्धं माझं होतंच. उरलेलं अर्धं मी किती दिवस वाहायचं? तूही काही धुतल्या तांदळासारखा नाहीस.

मी हे कुणाला सांगणार नाही. धमकी समजू नकोस. तू बुवांकडे जाऊन 'नकळत' म्हणालास तरी मी मान हलवीन आणि डबे बदलले होते म्हणून शपथ घेईन. फक्त माझ्याशी खोटं वागू नकोस. गुरुवारी ये. न आलास तर मी समजेन की तुला बहिणीपेक्षा ती गोष्ट जास्त जपायची आहे.

तेल तापलं. जाते.

निशा


करंजाडे, २४ ऑक्टोबर

दादा,

काल तू आला नाहीस.

पाट मांडला होता. पाच वाजेपर्यंत. मग शैलेशने उचलून ठेवला. चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं.

केकचं ठरलं नाही. ब्रँडीची बरणी पुढे ओढली होती, आज सकाळी परत मागे ढकलली. चव कळेनाशी झाली आहे, दोन्ही सारख्याच लागतात. स्नेहलचा फोन येतो, मी उचलत नाही. उद्या तिला सांगणार आहे की या वर्षी जमणार नाही.

यापुढे पत्र लिहिणार नाही. मागचं पत्र लिहिल्याचा पस्तावा नाही. टाकल्याचा थोडा आहे.

निशा


उरण, २७ ऑक्टोबर

निशा,

मला पत्र लिहायची सवय नाही. यार्डात गेटपास लिहितो तेवढंच. अक्षर लागलं नाही तर मनस्वीकडून वाचून घेऊ नकोस. स्वतःच वाच.

तुझं मोठं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी आंघोळ करून, शर्ट घालून बाइक काढली होती. भावना आणि मनस्वी तयार होत्या. पण मला निघवेना, मी दोघींना म्हटलं, तुम्ही जा. त्या माझ्याशिवाय जायला तयार नव्हत्या. मग कुणीच गेलं नाही. तू पाट मांडला असशील हे मला माहीत होतं.

तू लिहिलंस ते खरं आहे. पहिल्या घासाला कळलं. रम चांगली होती. एक चमचा जास्त झाली होती, आणि लवंग नको होती. तुला मत पाहिजे होतं ना, ते हे. केक चांगला होता. आपल्या पनवेलमध्ये तसा कुणी करत नाही.

पण तुला सगळं माहीत नाही. त्या दिवशी निघताना तू धावत खाली आलीस आणि उरलेला डबा मनस्वीच्या हातात कोंबलास. मी तेव्हा बाइकवर तोंड फिरवून बसलो होतो. घरी आल्यावर तिने तो फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पहिली पाळी होती. दोघी झोपलेल्या. मी डबा काढला आणि उभ्याने सगळा खाल्ला. तळाला रम झिरपली होती, ती बोटाने पुसून घेतली. डबा धुऊन पालथा घातला. मनस्वीने विचारलं तेव्हा म्हटलं, कुत्र्याला घातला, असलं घरात नको. ती रडली. आत्याने केलेला केक कुत्र्याला घातला म्हणून ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर मी प्यायलो नाही. पण त्या सकाळी, निशा, मला भूक लागली नव्हती. तू काही भरवायला समोर नव्हतीस.

मी तुला फोनवर बंद केलं ते रागाने नाही. तू फोन केला असतास आणि माफी मागितली असतीस तर मला ती घ्यावी लागली असती. ती घ्यायला मला लाज वाटत होती. तुझं पत्र आलं की मी आंघोळीला जायचो. नळ सोडला की बाहेर काही ऐकू जात नाही.

काल भावनाला सांगितलं. सगळं. डब्याचंही. ती म्हणाली, "मना वाटलाच होता. डबा धुवून पालथा घातलेला तुमी आधी कवा?" मग तिने मला जेवायला वाढलं. मनस्वीला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या कामाचं. रमच घाल. ब्रँडी तुझ्या हाताला जमणार नाही, ती घातली की साखर आणि मसाला दोन्ही कमी करावे लागतात आणि तुझा हात मोकळा आहे. लिक्युअर तुझ्या धंद्याला परवडणार नाही, ती वरच्या क्रीमला ठीक. मनुका भिजवताना रम घाल, भाजून झाल्यावर एकदाच पाज, तीनदा नको. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिही की आत काय आहे. साठच्या साठ डब्यांवर. त्या मुलीला नाही म्हणाली असलीस तरी पुन्हा फोन कर.

बाटल्यांचं मला यापुढे विचारू नकोस. हे शेवटचं. मला ते सांगताना बरं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली.

रविवारी कार्तिकी एकादशी आहे. बुवांना कळवलं आहे की मी येणार. माळ मागायला नाही. आधी सगळ्यांसमोर सांगणार आहे की मी जाणूनबुजून खाल्लं. मग बुवा देतील तर देतील, नाही तर पुढच्या वर्षी. मनस्वी तिथेच ऐकेल. तिला घरी वेगळं बसवून सांगायची माझी हिंमत नाही.

तू सकाळी नऊपर्यंत ये. शैलेशला घेऊन ये. काही करून आणू नकोस. माझ्या बाजूला बस, बायकांत मागे बसू नकोस. मी दुसऱ्या तुकड्यापाशी अडेन, मला माहीत आहे. तिथे मी गप्प झालो तर पुढचं तू सांग.

हरेश